एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

जुन्या वाड्यात बालपण गेलेल्या माणसाला एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. वाडा एक असतो, आड एक असतो, दिंडीदरवाजाही एकच. पण आत बिऱ्हाडे दोन असली की चुली दोन मांडाव्या लागतात, कुलपे दोन लागतात, आणि माडीवर कोण राहते व तळमजल्यावर कोण राहते हे पोस्टमनला ठाऊक असावे लागते. एवढे पथ्य पाळले तर दोन कुटुंबे वर्षानुवर्षे एका छपराखाली सुखाने नांदतात. पथ्य मोडले की एकाचे पत्र दुसऱ्याच्या घरात जाते आणि मग भांड्याला भांडे लागू लागते.

आज मला जो विषय मांडावयाचा आहे तो दिसायला याहून अगदी वेगळा आहे. माहिती सांभाळणाऱ्या एकाच प्रोग्रॅमची जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या एका संगणकावर एकाच वेळी चालवता येतात का, आणि चालवायच्या तर कशा, हा तो विषय. हा तर संगणकवाल्यांचा प्रांत, आपल्याला काय त्याचे, असं कुणी म्हणेल. पण दवाखान्यातले केसपेपर, पतपेढीतली खाती, ग्रंथालयातली पुस्तकांची नोंद, कॉलेजातले गुणांचे तक्ते हे सारे आज अशाच एखाद्या प्रोग्रॅमच्या ताब्यात असते. तो प्रोग्रॅम बदलण्याची वेळ आज ना उद्या प्रत्येक कचेरीवर येते, आणि त्या वेळी एक चुकीचे पाऊल पडले तर पंधरा वर्षांची माहिती डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०२४ च्या जून महिन्यात, प्रवेशाच्या ऐन गर्दीत, एका कॉलेजच्या कचेरीत हा प्रसंग मी जवळून पाहिला. रविवारी एका उत्साही तरुणाने संगणकावरचा जुना प्रोग्रॅम काढून टाकला, त्याच्या जागी नवा बसवला, आणि माहितीचे जुने दप्तर ज्या जागेत होते तीच जागा नव्याला दाखवून दिली. सोमवारी सकाळी संगणक सुरू केला तो पडद्यावर उत्तर आले ते असे : हे दप्तर आवृत्ती १२ ने मांडलेले आहे, मी आवृत्ती १६ आहे, माझे याच्याशी जमणार नाही. खिडकीपाशी विद्यार्थ्यांची रांग होती. एका मुलीला दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कॉलेज सोडल्याचा दाखला तिथे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचवायचा होता. तिची सारी माहिती त्याच संगणकात होती, आणि तिचे नाव त्याला सांगता येत नव्हते.

आता ही भानगड नेमकी कशी होते ते पाहू. पहिली गोष्ट अशी की ज्याला आपण सरसकट ‘डेटाबेस’ म्हणतो त्यात वस्तू दोन असतात. एक माहितीचे दप्तर, आणि दुसरा ते सांभाळणारा प्रोग्रॅम. त्याला आपण कारभारी म्हणू. दप्तर म्हणजे तबकडीवर पडून असलेल्या फायली. त्या स्वतः काही बोलत नाहीत. आपण प्रश्न विचारतो तो कारभाऱ्याला, आणि तो दप्तर चाळून उत्तर देतो. कारभारी बदलणे आणि दप्तर बदलणे ही दोन निराळी कामे आहेत. त्या तरुणाने कारभारी बदलला होता. दप्तराला हातही लावला नव्हता. गोंधळ झाला तो यामुळेच, आणि पुढे सारे निभावले तेही यामुळेच.

उदाहरणासाठी मी पोस्टग्रेस्क्यूएल हा प्रोग्रॅम घेतो. बोलताना लोक त्याला नुसते पोस्टग्रेस म्हणतात. अमेरिकेतील बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली या कामाला आरंभ झाला. १९९४ साली अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी त्याला एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा शिकवली, आणि १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, फुकट मिळतो, आणि म्हणूनच मोठ्या पेढ्यांपासून लहान शिक्षणसंस्थांपर्यंत सर्वांना परवडतो.

या प्रोग्रॅमची साधारणपणे दरवर्षी एक मोठी आवृत्ती निघते, आणि मधून मधून दुरुस्तीच्या लहान आवृत्त्या निघतात. हा फरक नीट ध्यानात घ्यावा. १६.३ वरून १६.४ वर जाणे म्हणजे त्याच कारभाऱ्याने नवा चष्मा घालण्यासारखे आहे. दप्तर तेच राहते. प्रोग्रॅम थांबवायचा, नवा बसवायचा, पुन्हा सुरू करायचा, झाले. पण १२ वरून १६ वर जाणे म्हणजे कारभारीच नवा येणे. २०१७ साली आवृत्ती १० निघाली तेव्हापासून मोजणी अशी सोपी झाली. त्यापूर्वी ९.५ आणि ९.६ या, दिसायला सख्ख्या वाटल्या तरी, दोन स्वतंत्र मोठ्या आवृत्त्या होत्या. जुन्या संगणकावर काम करताना हा आकडा पुष्कळांना चकवतो.

मोठी आवृत्ती बदलली की दप्तराची मांडणी बदलते. वाचक म्हणतील, नव्याला जुने वाचता येऊ नये हे कसे? नवा तर अधिक शहाणा असायला हवा! त्यासाठी आपल्याच घरचा दाखला देतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद मराठीतच आहेत, पण लिपी मोडी आहे. आज एखादा एम.ए. झालेला हुशार मुलगा तिथे नेऊन बसवला आणि त्याला फक्त बाळबोधच येत असेल, तर तो त्या रुमालापुढे हात जोडून बसेल. मुलगा अडाणी नाही आणि कागदही खराब नाहीत. दोघांची लिपी जुळत नाही एवढेच. पोस्टग्रेसच्या दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये हेच होते. कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, कोणाला काय पाहण्याची मुभा आहे, याची कारभाऱ्याची जी स्वतःची आतली वही असते तिची आखणी आवृत्तीगणिक बदलत जाते. नवी सोय करायची तर वहीत नवा रकाना पाडावाच लागतो. ही वही वाचता आली नाही तर बाकीचे कागद कुठले काय, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

म्हणून प्रत्येक दप्तराच्या जागेत एक छोटी फाईल असते आणि तिच्यात फक्त आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो. कारभारी सुरू होताना पहिल्याने ती वाचतो. आकडा आपला नसेल तर दप्तराला हात न लावता बाजूला होतो. त्या सोमवारी तो ‘जमणार नाही’ म्हणाला तेव्हा आम्हाला त्याचा राग आला. पण खरे पाहता त्याने आमच्यावर उपकारच केले. लिपी न समजता तो लिहू लागला असता तर सर्वनाश झाला असता.

अशा वेळी कचेरीत सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. एकजण म्हणाला, “त्या फाईलीत १२ आहे ना? खोडून १६ करा की!” हा उपाय म्हणजे मोडी रुमालावरची चिठ्ठी बदलून तिच्यावर ‘बाळबोध’ असे लिहिण्यासारखा आहे. चिठ्ठी बदलल्याने आतली लिपी बदलत नाही. शिवाय आवृत्तीच्या खुणा दप्तरात आणखी खोलवरही नोंदलेल्या असतात, तेव्हा कारभारी तिथे अडतोच. दुसरा म्हणाला, “जुनी फाईलींची जागा पुसून टाका, म्हणजे नवा बिनतक्रार सुरू होईल.” सुरू झाला असता खरा, पण कोऱ्या पाटीवर! हा सल्ला पहिल्याहून घातक. अशा प्रसंगी जुन्या दप्तराला हात लावायचा नाही, त्याची आहे तशी एक प्रत दुसरीकडे करून ठेवायची, आणि मगच पुढचा विचार करायचा, हा पहिला नियम होय.

आमच्यापुढचा खरा मार्ग सोपा होता. मोडी वाचणारा जुना कारभारी परत बोलवावा, त्याला त्याच्या दप्तरासह बसवावे, आणि नव्याला शेजारी निराळी खोली द्यावी. म्हणजे आपण पुन्हा वाड्यात येऊन पोचलो.

दोन आवृत्त्या एका संगणकावर नांदवायच्या तर तीन गोष्टी निराळ्या ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फायली. त्या एकमेकींवर पडू नयेत म्हणून प्रत्येक आवृत्तीचा कप्पा वेगळा हवा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ही सोय मुळातच केलेली आहे. तिथे प्रोग्रॅम, दप्तर आणि नियमांच्या फायली या तिन्हींच्या कप्प्यांवर आवृत्तीचा आकडा घातलेला असतो. विंडोजवरही प्रत्येक मोठी आवृत्ती आपल्या आकड्याच्या कप्प्यात बसते.

दुसरी गोष्ट दप्तराची जागा. ही तर कधीच सामायिक असता कामा नये. एक कारभारी आत बसला की तो आतून कडी लावतो, म्हणजे त्या जागेत एक छोटी खुणेची फाईल ठेवतो. दुसरा कुणी त्याच जागेत शिरू लागला तर ती फाईल पाहून परत फिरतो. ‘ही फाईल आड येते’ म्हणून ती पुसून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. आत माणूस असताना बाहेरून कडी उचकटण्याचाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट दाराचा क्रमांक. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक सेवेला बाहेरच्यांशी बोलण्यासाठी एक क्रमांक लागतो. त्याला पोर्ट म्हणतात. पोस्टग्रेसचा ठरीव क्रमांक ५४३२. एका क्रमांकाच्या दारी एकालाच बसता येते. दुसरा तिथेच बसू लागला तर ‘जागा भरलेली आहे’ असे उत्तर मिळते आणि तो सुरूच होत नाही. म्हणून जुन्याला ५४३२ आणि नव्याला ५४३३ असे दोन क्रमांक द्यावयाचे. डेबियनमध्ये दुसरे बिऱ्हाड मांडले की पुढचा मोकळा क्रमांक आपोआप मिळतो. शिवाय कोणते बिऱ्हाड कोणत्या दारी आहे, सुरू आहे की बंद, हे दाखवणारी एका ओळीची आज्ञाही तिथे आहे.

या तीन गोष्टी साधल्या की बाकीचे आपोआप वेगळे होते. दोघांच्या नियमांच्या फायली वेगळ्या, वापरणाऱ्यांची नावे वेगळी, परवलीचे शब्दही वेगळे. जुन्यात कारकुनाचा परवलीचा शब्द बदलला म्हणून नव्यात तो बदलत नाही, हे विसरू नये. सामायिक राहते ते एवढेच : संगणकाची स्मृती, तबकडीवरची जागा, आणि प्रोसेसरची शक्ती. काही बदल केला नसेल तर प्रत्येक कारभारी सुरू होताच आपल्यासाठी साधारण १२८ मेगाबाइट स्मृती राखून ठेवतो. आजच्या संगणकाला हे ओझे नाही. पण पूर्वी कुणी हा आकडा वाढवून संगणकाची निम्मी स्मृती जुन्याला दिली असेल, आणि नव्यालाही तितकीच द्यायला निघाला, तर दोघांचीही उपासमार ठरलेली. आडाचे पाणी एकच आहे, हे दोन्ही बिऱ्हाडांनी ध्यानात ठेवायचे असते.

इथवर सारे सोपे वाटते. मग लोक फसतात कुठे? ते फसतात पत्त्यात. दोन्ही कारभारी दिसायला सारखे, भाषा सारखी, तक्त्यांची नावेही सारखी. क्रमांक सांगितला नाही तर बहुतेक साधने मुकाट्याने ५४३२ च्या दारी जातात. आमच्या त्या कचेरीत असेच झाले. दोन्ही बिऱ्हाडे मांडून झाली, सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि एका खिडकीवरचा संगणक चुकून ५४३३ कडे बोट दाखवीत राहिला. नव्यात नुकतीच चाचणीसाठी एक प्रत उतरवलेली असल्यामुळे नावे बरोबर दिसत होती, पावत्याही छापल्या जात होत्या. अर्धा दिवस शुल्काच्या नोंदी चुकीच्या दप्तरात पडत गेल्या. संध्याकाळी हिशेब जुळेना तेव्हा चूक कळली, आणि त्या साऱ्या पावत्या रात्री बसून पुन्हा हाताने चढवाव्या लागल्या. प्रोग्रॅम ‘नाही’ म्हणतो तेव्हा भिण्याचे कारण नसते. तो चुकीच्या दारातून हसतमुखाने ‘या’ म्हणतो तेव्हा भ्यावे.

यावर उपाय एकच, विचारण्याचा. काम सुरू करण्यापूर्वी कारभाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : तुझी आवृत्ती कोणती, तुझे दार कोणते, तुझे दप्तर कुठे आहे? तिन्ही प्रश्नांना तो एका ओळीत उत्तर देतो. आणि चाचणीचे दप्तर असेल तर त्याचे नाव खऱ्यासारखे ठेवू नये. नावातच ‘चाचणी’ हा शब्द घालावा. जुळ्या मुलांना ओळखता यावे म्हणून आया एकाच्या हातात काळा दोरा बांधतात, तसेच हे.

आता वाचकांच्या मनात शंका येईल की एवढा उपद्व्याप करावाच कशाला? एके दिवशी जुने बंद करून नवे सुरू करावे, हे बरे नव्हे का? हे बरे खरेच. पण जमत नाही, याला कारणे आहेत. कचेरीतले इतर प्रोग्रॅम, म्हणजे दाखले छापणारा, शुल्क घेणारा, निकाल लावणारा, हे जुन्या कारभाऱ्याच्या सवयी गृहीत धरून लिहिलेले असतात. नव्याच्या सवयी बदललेल्या असतात. पूर्वी पोस्टग्रेसमध्ये तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक छुपा क्रमांक देण्याची सोय मागून घेता येत असे. २०१९ च्या आवृत्ती १२ ने ती काढून टाकली. त्या क्रमांकावर विसंबलेला प्रोग्रॅम तिथेच अडतो. २०२१ च्या आवृत्ती १४ पासून परवलीचा शब्द जपून ठेवण्याची रीत अधिक कडक झाली. जुन्या जोडणीच्या साधनांना ती रीत समजत नाही, आणि शब्द अगदी बरोबर असूनही दार उघडत नाही. २०२२ च्या आवृत्ती १५ पासून नव्याने मांडलेल्या डेटाबेसच्या सामायिक जागेत कोणीही उठून तक्ता बनवावा, ही मोकळीक उरली नाही. हे तिन्ही बदल चांगल्यासाठीच झाले. पण आपला दाखल्यांचा प्रोग्रॅम यातल्या कशाला अडखळेल, हे चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि चालवून पाहायचे तर जुने काम न थांबवता नवे शेजारी उभे करावे लागते. दोन बिऱ्हाडांचे पहिले प्रयोजन हे.

दुसरे प्रयोजन स्थलांतराचे. जुन्या दप्तरातून नव्यात माहिती नेण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला मार्ग नक्कल उतरवण्याचा. जुना कारभारी एकेक तक्ता वाचून दाखवतो आणि एक साधन तो साध्या, सर्वांना कळणाऱ्या एसक्यूएलच्या मजकुरात उतरवून घेते. मग तो मजकूर नवा कारभारी आपल्या पद्धतीने मांडतो. मोडीचे बाळबोधीत लिप्यंतर व्हावे तसे हे आहे. याला वेळ लागतो, पण दप्तर नव्याने आणि स्वच्छ मांडले जाते. इथे दोन गोष्टी जपाव्यात. उतरवून घेणारे साधन नेहमी नव्या आवृत्तीचे वापरावे, कारण नव्या साधनाला जुना कारभारी समजतो. उलट जुने साधन नव्या कारभाऱ्याला पाहून काम नाकारते. आवृत्ती १६ चे साधन पार ९.२ पर्यंतच्या जुन्या कारभाऱ्यांशी बोलू शकते. दुसरी गोष्ट अशी की वापरणाऱ्यांची नावे आणि परवलीचे शब्द एकेका डेटाबेसच्या नकलेत येत नाहीत. ते निराळे उतरवावे लागतात. हे विसरल्याने सारे सामान नव्या घरी पोचते आणि किल्ल्या जुन्या घरी राहतात.

दुसरा मार्ग दप्तर जागच्या जागी बदलण्याचा. तक्त्यांतल्या खऱ्या माहितीची पाने ज्या पद्धतीने लिहिलेली असतात ती पद्धत क्वचितच बदलते. बदलते ती मुख्यतः कारभाऱ्याची वही. मग सारे कागद पुन्हा लिहायचे कशाला? वही तेवढी नवी लिहावी आणि कागदांचे गठ्ठे उचलून तसेच न्यावेत. हे काम करणारे साधन २०१० सालच्या आवृत्ती ९.० पासून पोस्टग्रेसबरोबरच मिळते. दप्तर मोठे असेल तर याने पुष्कळ वेळ वाचतो. मात्र या साधनाला जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्रॅम एकाच संगणकावर हजर लागतात, कारण जुन्याची वही जुन्यालाच वाचता येते. म्हणजे दोन बिऱ्हाडे एकत्र नांदणे ही इथे हौस नव्हे, अटच आहे. काही न बदलता नुसती तपासणी करून अडचणी सांगण्याची सोयही या साधनात आहे. ती आधी वापरावी.

या दुसऱ्या मार्गात एक खाच आहे. गठ्ठ्यांची प्रत करून नेली तर तबकडीवर दुप्पट जागा लागते, पण जुने दप्तर शाबूत राहते. जागा आणि वेळ वाचवण्यासाठी प्रत न करता तेच गठ्ठे दोन्ही नावांनी ओळखले जावेत, अशीही युक्ती आहे. ती फार जलद. पण नवा कारभारी एकदा सुरू झाला आणि त्या गठ्ठ्यांवर लिहू लागला की जुन्याला पुन्हा सुरू करणे सुरक्षित नसते. परतीचा पूल आपणच मोडलेला असतो. तेव्हा वेगळी नक्कल हाताशी असल्याशिवाय या वाटेने जाऊ नये.

दप्तर केवळ नव्या आवृत्तीकडेच नव्हे, तर नव्या संगणकाकडे नेताना आणखी एक धोका संभवतो. आपल्या शब्दकोशात ‘क्षमा’ हा शब्द कुठे शोधायचा? कुणी ‘क’ मध्ये शोधील, कुणी वर्णमालेच्या शेवटी ‘क्ष’ मध्ये. कोश एका क्रमाने लावलेला आणि वाचणारा दुसऱ्या क्रमाचा असेल, तर शब्द पानावर असून ‘नाही’ असे उत्तर मिळेल. पोस्टग्रेस आपल्या सूच्या लावताना अक्षरांचा क्रम पुष्कळदा संगणकाच्या मूळ व्यवस्थेकडून उसना घेतो. लिनक्समधील त्या भागाची, जीलिबसीची, २.२८ ही आवृत्ती २०१८ मध्ये आली, आणि तिने हा क्रम बऱ्याच ठिकाणी बदलला. जुनी सूची जशीच्या तशी नव्या व्यवस्थेवर नेली तर नाव असून सापडत नाही, किंवा एकच नाव दोनदा नोंदले जाते. एका वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांना ही बाधा होत नाही, कारण दोघांचीही मूळ व्यवस्था एकच असते. पण वाडा बदलला तर सूच्या पुन्हा लावून घ्याव्यात. नक्कल उतरवण्याच्या पहिल्या मार्गात त्या आपसूक नव्याने लागतात, हा त्याचा मोठा गुण.

शेवटचा प्रश्न असा की हे एकत्र बिऱ्हाड किती दिवस चालू द्यायचे? माझे उत्तर : काम होईपर्यंत, आणि त्यापुढे एकही दिवस नाही. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. ९.६ ची मुदत २०२१ च्या नोव्हेंबरात संपली, १२ ची २०२४ च्या नोव्हेंबरात. मुदत संपल्यावर प्रोग्रॅम बंद पडत नाही; तो पूर्वीसारखाच चालतो, आणि धोका आहे तो यातच. त्यानंतर सापडलेली भोके बुजवायला कोणी येत नाही. असे जुने बिऱ्हाड काही काळ ठेवावेच लागले तर त्याचे दार वाड्याच्या आतच उघडेल, बाहेरच्या रस्त्यावर नाही, एवढे तरी पाहावे. पण खरा उपाय म्हणजे जुने ठेवतानाच त्याच्या निरोपाची तारीख ठरवणे. नव्याने निकालाचे एक सत्र निर्वेध पार पाडले, जुन्याची शेवटची नक्कल घेऊन ती दुसऱ्या जागी ठेवली, आणि ती नक्कल एकदा प्रत्यक्ष उतरवून वाचून पाहिली, की निरोप द्यावा. उतरवून न पाहिलेली नक्कल म्हणजे न वटवलेली हुंडी.

त्या कॉलेजचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. दुपारपर्यंत आवृत्ती १२ पुन्हा बसवली, तिला तिचे जुने दप्तर दाखवले, आणि पहिल्याच प्रयत्नात ती सुरू झाली; कारण दप्तराला कुणी हात लावलेला नव्हता. चार वाजता त्या मुलीचा दाखला छापून निघाला. तिने नाव, जन्मतारीख आणि शिक्का नीट पाहिला, कागदाची घडी केली आणि एस.टी. गाठायला निघून गेली. आवृत्ती १६ शेजारच्या दारी तीन महिने चाचणीत राहिली. दाखल्यांचा प्रोग्रॅम दोन ठिकाणी अडखळला, तो दुरुस्त केला. दिवाळीच्या सुट्टीत माहिती नव्याकडे गेली, आणि सत्राचा निकाल लागल्यावर जुन्याला निरोप मिळाला.

वाचकहो, आपल्या कचेरीत, दुकानात वा संस्थेत उद्या कुणी म्हणाले की ‘जुना प्रोग्रॅम काढून नवा टाकतो, तासाभराचं काम आहे’, तर त्याला विरोध करू नका. नवे यायलाच हवे. फक्त एवढेच विचारा : “जुने दप्तर कुठे आहे, आणि ते वाचणारा त्या दिवशी घरात असेल ना?” या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत जुन्या बिऱ्हाडाचे सामान अंगणात काढू देऊ नका.